तिसऱ्या वर्गाच्या पूर्ण हजेरीची बखर

श्रीशारदेच्या चरणी मस्तक ठेवून, खडूफळ्यास वंदन करून, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या समस्त लहानथोरांचे कुशल इच्छून लिहिण्यात येते की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, माळावरील चार खोल्यांच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्य लहान, कौले फुटकी, परंतु डौल मोठा. मुख्याध्यापक मारुतीगुरुजी गादीवर होते, आणि तिसऱ्या वर्गाचा सुभा प्रमिलाबाईंकडे होता. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, ज्या वर्गाची महिनाभर पूर्ण हजेरी भरेल त्या वर्गाने पुढील महिनाभर शाळेची पितळी घंटा वाजवावी, आणि याहून मोठा मान त्या मुलखात दुसरा नव्हता. बाईंस तेथे नऊ वर्षे जाहली, आणि नऊ वर्षांत घंटा त्यांच्या सुभ्यात एकदाही आली नाही. वरकरणी बाई म्हणत, "घंटा कुणी का वाजवेना, शाळा सुटली म्हणजे झालं." परंतु चौथीची पोरे ऐटीत घंटा बडवू लागली की बाईंचे खडू उगाच मोडत.

त्या मासी पराक्रमही थोर जाहले. चौथीच्या हैदर मुलाणी याने एकोणतीसचा पाढा उलटा म्हटला, आणि तो तपासताना खुद्द गुरुजींस दोनदा बोटे मोजावी लागली. दुसरीच्या मुलींनी परसबागेवर चालून आलेल्या शेळ्या पिटाळल्या, त्या धामधुमीत तीन वांगी कामी आली. पहिलीच्या वेदांत ढोबळे याने आपले नाव प्रथमच लिहिले, आणि मग त्याच उत्साहात गावातील चार भिंतींवरही लिहिले, म्हणोन त्यास शाबासकी आणि तंबी एकाच दिवशी मिळाली. आणि तिसरीची हजेरी रोज पूर्ण भरत गेली.

आता त्या हजेरीचे वर्तमान ऐसे. तिसरीत एकवीस मुले, त्यांत सतराव्या नंबरची बानू कारंडे, मेंढपाळांची लेक. मार्गशीर्ष लागला आणि माळावरचा चारा सरला, मग कारंड्यांनी घोड्यांवर बिऱ्हाड लादले आणि मेंढरे घेऊन नदीकाठच्या मुलखाकडे कूच केले, आणि बानूही गेली. दुसरे दिवशी बाईंनी मान खाली घालून हजेरी घेतली, सतरा नंबर पुकारला, आणि बाकांमधून कोठून तरी "हजर" ऐसा आवाज आला. आवाज बानूचा नव्हता, हे बाईंस कळले. परंतु दोन दिवसांत येईल परत, ऐसे मनाशी म्हणून त्यांनी हजर लिहिले आणि मोबाइलवरून सरकारातही तसेच कळविले. मग तिसरा दिवस उजाडला, मग आठवा, आणि महिना सरत आला, आणि रोज सतरा नंबरला "हजर" येई, आणि बाई मान वर करीत ना. पोरांस घंटेचा लोभ सुटला, ऐसे त्यांनी मनात योजिले, आणि पोरांच्या लोभाआड आपला लोभ दडवून ठेविला. माणूस स्वतःस फसवू लागले म्हणजे त्यास फार अक्कल खर्चावी लागत नाही.

शनिवारी घंटा मिळावयाची, आणि शुक्रवारी दुपारी नदीकाठच्या शाळेतून एका अनोळखी गुरुजींचा फोन आला. ते बोलिले, "बाई, तुमच्याकडची बानू कारंडे इथं मेंढरांबरोबर आलीय. रोज येऊन बसते, वाचते झकास. पण पटावर घ्यायला गेलो तर ती तुमच्याकडं रोज हजर दिसतीय. पोरगी एक, शाळा दोन, कसं काय?" मग ते हळू आवाजात बोलिले, "मी जेवायला नको म्हणत नाही हो. पण खिचडीची वेळ झाली की आपणच उठून जाते. म्हणते, माझं नाव न्हाई हितं." स्थलांतरास निघालेल्या मुलास शाळेने हमीपत्र द्यावे, ते पाहून दुसरी शाळा त्यास पटावर घेते, ऐसा कायदा. परंतु जी कागदोपत्री गाव सोडून गेलीच नाही तिला पत्र कोण देणार? बाईंनी फोन ठेविला आणि त्यांस स्वतःची फार लाज वाटली.

मग त्या वर्गात येऊन उभ्या राहिल्या आणि पुसत्या जाहल्या, "बानूची हजेरी कोण देतं?" पोरे एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी स्वरांजली लोखंडे उभी राहिली. म्हणाली, "समदी देतो बाई. नंबराप्रमाणं पाळी लावलीया. आज माजी हुती." बाई म्हणाल्या, "घंटेसाठी एवढं खोटं?" तेव्हा स्वरांजली गोंधळून म्हणाली, "घंटंचं काय बाई? मागल्या साली तिसरीतली रेश्मा लई दीस आली न्हाई, तर तुमी तिचं नाव तांबड्या पेनानं खोडलं. मग ती परत आलीच न्हाई. बानूचं नाव ऱ्हावं म्हणून आमी हजर म्हणत हुतो." ऐकून बाई खुर्चीवर बसल्या. लोभ होता तो त्यांच्या एकटीचाच होता.

त्यांनी तांबडे पेन काढिले, तेव्हा पोरे बाकांवरून अर्धी उठली. मग बाईंनी हजेरीपट सर्वांसमोर धरिला आणि म्हणाल्या, "नाव खोडत नाही. नाव इथंच राहणार. नुसती गैरहजेरी लावते, म्हणजे बानूला तिकडं हजर म्हणता येईल." आणि एकेक चौकोन दुरुस्त केला, हमीपत्र लिहिले, आणि हजेरीपट व पत्र मारुतीगुरुजींपुढे ठेवून झाला प्रकार सांगितला. गुरुजी घटकाभर चष्मा पुसत राहिले आणि बोलिले, "बाई, जरा आधी सांगायचं. तुमच्या वर्गासाठी मी नारळ आणून ठेवला की!" मग त्यांनी प्रत्येक दुरुस्तीवर सही केली, आणि पत्राची छबी मोबाइलवरून तत्काळ नदीकाठी रवाना जाहली.

शनिवारी सभा भरली, पराक्रम वाचिले गेले, टाळ्या पडल्या, आणि घंटेची वेळ आली तेव्हा प्रमिलाबाई आपण होऊन उठल्या आणि म्हणाल्या, "तिसरीची हजेरी पूर्ण नाही. चूक मुलांची नव्हे, माझी." घंटा चौथीकडे राहिली, आणि तिसरीच्या एकाही पोराने तिच्याकडे वळून पाहिले नाही.

सोमवारी बाईंनी मान वर ठेवून हजेरी घेतली. सतरा नंबर पुकारला. ज्याची पाळी होती त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरिले. कोणी बोलले नाही, आणि बाईही पुढचा नंबर घेण्याआधी क्षणभर थांबल्या. तोच रिवाज मग त्या वर्गात रोजचा जाहला. दुपारी नदीकाठून निरोप आला, तो बाईंनी मोठ्याने वाचिला: "नाव लिहिलं. आज सगळ्यांबरोबर जेवली."

इतके वर्तमान त्या मासीचे. सारांश, तिसरा वर्ग, पट एकवीस. हजर वीस, गैरहजर एक, आणि ती एक दुसरीकडे हजर. लिहिणाराने पाहिले तैसे लिहिले, वाचणाराने गोड मानून घ्यावे.