घड्याळजींचा बिनवकिली घटस्फोट

“‘मतभेद’ लिहायचं नाही म्हणजे नाही!” टेलरबाईंनी कात्री टेबलावर आपटली. “मतभेद व्हायला समोरच्याला मत असावं लागतं.”

“अगं, अर्जात कारणाचा रकाना आहे. तिथं काहीतरी भारदस्त नको का?” घड्याळजी कळवळून म्हणाले.

“खरं ते लिहा. नवऱ्यानं माझं धडधाकट मशीन उघडलं आणि आता त्याला जोडता येत नाही.”

“येत नाही नव्हे! जोडायचं राहिलंय.”

“हिवाळ्यापासून राहिलंय!”

घड्याळजींना हा रोग जुना. समोर फिरणारी वस्तू दिसली की ती आतून कशी फिरते हे बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं तोवर तो रोग गिऱ्हाइकांनी भोगला. दुकान बंद केल्यावर तो घरी राहायला आला. आधी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. (तेव्हापासून त्या घरात सदानकदा चहाची वेळ झालेली असते.) मग बायको बाजारात गेलेली पाहून ते शिलाई मशीनला ‘नुसतं तेल द्यायला’ बसले. बाई परतल्या तेव्हा पांढऱ्या चादरीवर सगळं ओळीनं मांडलेलं होतं: आधी चाक, मग शटल, मग स्प्रिंगा, मग स्क्रू, आणि शेवटी घाम पुसत घड्याळजी.

त्या मशीनवर बाईंनी घर चालवलं होतं. घड्याळजी दुकानात लोकांची घड्याळं पुढंमागं करत होते तेव्हा दोन्ही मुलींच्या शाळेची सोय त्या मशीननंच केली. (हे घड्याळजी चारचौघांत ‘आम्ही मुलींना शिकवलं’ असं सांगतात. त्यातला ‘आम्ही’ नीट ऐकून घ्यावा.) आणि आता शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर होतं. कापड बेतून गठ्ठे लागलेले, शाळा सोमवारी उघडणार, आणि मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आलेला की जमत नसेल तर सांगा, आम्ही तयार कपड्यांच्या दुकानात जातो. एकदा ते काम तिकडं गेलं की परत येणार नव्हतं. टेलरबाई हातशिलाईनं बोटं सोलून घेत होत्या.

बरं, मशीनवाल्या मिस्त्रीला बोलवावं, तर घड्याळजींनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. “एका कारागिराच्या घरात दुसरा कारागीर? लोक हसतील!”

तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “एक तर मशीन जोडा, नाहीतर मला मोकळी करा.”

डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं मिस्त्रीला हाक मारली असती. घड्याळजींना घटस्फोट सोपा वाटला.

“वकील कशाला?” ते वर म्हणाले. “जोडलेलं सुटं करणं यात माझी हयात गेलीय.”

कोर्टाच्या चौकशीच्या खिडकीवर पाटीही होती की दोघांची संमती असेल, वाटणीवरून तंटा नसेल, तर अर्ज स्वतःच देता येतो. वाटणी मात्र आधी ठरवून आणा. झालं! घड्याळजींनी दुकानाच्या उरलेल्या चिठ्ठ्या काढल्या, डिंक कालवला आणि घर चिकटवायला घेतलं. एकेका वस्तूवर ‘हिचं’ नाहीतर ‘माझं’. चमचे, उशा, बादली, काही सुटलं नाही. कोऱ्या चिठ्ठ्या संपल्या तशा त्यांनी दुकानाच्या छापील चिठ्ठ्यांच्या खालीच ‘हिचं’, ‘माझं’ लिहिलं. डबा उघडला की झाकणावर ‘पार्ट यायचा आहे’, आरशावर ‘तयार’. मशीनच्या चादरीवर ‘हिचं’ लागलेलं तेवढं टेलरबाईंनी बोट फिरवून घट्ट दाबून बसवलं.

तर आज कारणाचा रकाना कोराच ठेवून घड्याळजी तरातरा कोर्टात निघाले. निघण्यापूर्वी खुर्चीवर टेकून त्यांनी बूट घातले. खुर्चीच्या पाठीला लावायची चिठ्ठी ओल्या डिंकाची बाजू पुढं करून तिथंच टेकवलेली राहिली होती. ते मागे रेलले, उठले आणि गेले.

रस्त्यानं लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. आपल्या धाडसाची बातमी पसरली असावी, असं समजून घड्याळजींनी मान आणखी ताठ केली.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, “दोघं वेगळे राहता का?”

“अगदी. ती शिवणाच्या खोलीत, मी बाहेरच्या.”

“स्वयंपाक?”

“ती करते.”

“तुम्ही जेवता कुठं?”

“तिच्याकडे.”

“मग वेगळं काय आहे?”

घड्याळजींनी बराच विचार केला. “टॉवेल,” ते म्हणाले.

“पत्नी कुठं आहेत? दोघांनी यावं लागतं. आणि फोटो?”

फोटोसाठी घड्याळजींनी खिसे उलटे केले, तशी एक इवलीशी स्प्रिंग टणकन उडून खिडकीच्या कट्ट्यावर पडली. “हा पुरावा आहे का?” बाईनं विचारलं. घड्याळजींनी ती घाईघाईनं खिशात घातली. (मशीन जोडायला घेतलं की दर वेळी हीच एक उरायची. ती कुठली, हे विचारण्यापेक्षा ती खिशात लपवणं त्यांना सोयीचं वाटलं होतं.) खाली पडलेला फोटो उचलायला ते वळून वाकले, आणि मागची रांगच्या रांग खिडकीतल्या बाईसकट हसत सुटली.

“आजोबा,” ती डोळे पुसत म्हणाली, “तुमच्या पाठीवर लिहिलंय, ‘दुरुस्ती होणार नाही. मालकास परत.’ खाली ‘हिचं’ असंही आहे. असा माल आम्हाला ठेवून घेता येत नाही हो.”

घड्याळजी घरी आले ते धुमसतच. “तू मुद्दाम चिकटवलीस!”

“मी? चिठ्ठी तुमची, डिंक तुमचा, पाठ तुमची,” बाई काजं करता करता म्हणाल्या.

“सगळं कोर्ट हसलं मला! आता उद्याच्या उद्या दोघांनी जायचं. सही कर!”

“करते की. मशीन माझ्या वाटणीला ना?”

“तुझ्याच. चिठ्ठी लावलीय.”

“मग त्याला कुणी हात लावायचा हे मी ठरवणार.”

“ठरव! ठरव! माझा काय संबंध?”

त्याच क्षणी शिवणाच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. कुणीतरी चाक फिरवून बघितलं. घड्याळजींचा चेहरा उतरला.

“कोण आहे आत?”

“मिस्त्री.”

“माझ्या घरात? मी बाहेर गेल्याचं बघून? एका कारागिराच्या...” घड्याळजींचा आवाज चढत चढत फाटला. अब्रू गेली, हयातीची कमाई गेली, हे कारण तर रकान्यात ठळक अक्षरांत लिहीन, असं बरंच काही ते नाचत नाचत बोलले.

टेलरबाईंनी दातानं दोरा तोडला, त्यांच्या पाठीवर, हात न पोचल्यानं अजून लोंबत असलेली चिठ्ठी पुन्हा नीट दाबून बसवली आणि म्हणाल्या, “ती खिशातली स्प्रिंग आत नेऊन द्या, तो मघापासून शोधतोय, आणि मग इथं बसून बटणं लावा, घटस्फोटाचं शाळा उघडल्यावर बघू.”