मथुराबाईसाहेबांच्या भुवयांचा निवाडा

श्रीकुलस्वामिनी कपाळीं छाया धरो. ‘सूनबाई, चार महिने बोलूं नये, लिहूं नये, मानही डोलवूं नये, भुवईस मात्र व्रत लागत नाही, तिणें राज्य चालवावें,’ ऐसा कैलासवासी सासूबाईंचा बोल राज्यकर्त्या मथुराबाईसाहेबांच्या कानीं नित्य असे. शके सतराशे अडुसष्ट, संवत्सराचें नांव पंचांगावर समईचें तेल सांडोन पुसलें, आषाढ शुद्ध एकादशीस बाईसाहेब चातुर्मासाचें मौन धरोन गादीवर बैसल्या. दरबारचा रिवाज ऐसा कीं डावी भुवई चढली तर मंजुरी अथवा माफी, उजवी चढली तर नामंजुरी अथवा शिक्षा, आणि सांजेचा शंख होईतों कोणतीच न चढली तर फिर्याद खरी मानावी.

परंतु बकुळा नामें दासी सात वर्षें बाईसाहेबांच्या भुवयांस दोरा फिरवीत आली, आणि दर वेळीं बाईसाहेबच आरसा पाहोन म्हणत, ‘अजून थोडी बारीक कर गं,’ आणि बकुळा करी, ऐसें करतां करतां यंदा भुवई म्हणोन कांहीं उरलेंच नाही. मग सोनबा माळी चेष्टेनें बोलिला, ‘मज किल्ला द्यावा.’ बाईसाहेबांनीं उजवी चढविली, ती कोणास दिसली नाही. डाव्या अंगास माशी बैसली होती ती उडाली, सभेनें तीच भुवई जाणोन किल्ला दिधला, आणि सोनबानें तटावर भोपळे लाविले. त्यावरोन कारभारी त्रिंबकपंत यांनीं फिर्याद मांडली कीं बकुळेनें राजमुद्रा उपटली, तीस नदीपार घालवावें. निवाडा श्रावणी पौर्णिमेस.

बकुळा पाय चेपतां चेपतां बोलली, ‘बाईसाहेब, मला माहीत आहे तुम्ही माफच करणार. पण दिसायला तर हवं! आणि नाहीच दिसलं, तर पैलतीरापर्यंत सोबत याल? मला होडीची फार भीती वाटते.’ बाईसाहेबांनीं तिचा हात दोहों हातांत धरिला, आणि तेंच वचन जाहलें.

मग त्रिंबकपंतांनीं भुवया घडविणारे दोघे उस्ताद आणविले. हौसाबाईंपाशीं मायक्रोब्लेडिंग नामें विद्या, बारीक पात्यानें केसागणिक रेघ ओढोन आंत रंग भरणें. काशीरामापाशीं पावडर ब्रो, सुईनें ठिपक्याशीं ठिपका घालोन सावली पाडणें. दोन्हीं दीड वर्ष टिकतात, दोन्हींस दहा दिवस पाणी लागूं नये. बाईसाहेबांचें डोईवरोन नित्य स्नान, तेव्हां भटजींनीं निर्णय दिला कीं भुवयांवर केळीचें पान बांधोन न्हावें, पुण्य पानाखालीं पोचतें.

हौसाबाई बोलल्या, ‘याची पावडर लावाल तर लोक म्हणतील, बाईसाहेब चूल फुंकायला वाकल्या होत्या!’

काशीराम बोलिला, ‘आणि तुझ्या रेघा गं? बाईसाहेब रोज तेल लावून न्हातात. तेलकट कातडीवर तुझी रेघ पसरेल, भाकरीवर मुंगळा चिरडल्यागत.’

‘मेल्या, तुझ्या बायकोच्या भुवया बघितल्यात मी. जत्रेतल्या सोंगाला बऱ्या!’

‘तिच्या तूच केल्यास, म्हणून तर मी ही विद्या शिकलो.’

सभा खो खो हांसली. मग पंतांनीं हात जोडोन विनविलें, ‘हुजुरांनीं निवड करावी. हौसाबाई पसंत तर डावी चढवावी, काशीराम पसंत तर उजवी.’ बाईसाहेबांनीं विचार केला कीं तेल सुटणार नाही, सबब काशीरामाची बरी, आणि उजवी चढविली. सभेनें निरखोन पाहिलें. कोणी डावी म्हणे, कोणी उजवी म्हणे, भालदार म्हणे कीं बाईसाहेबांस शिंक येत आहे. अखेर पंतांनीं तोड काढिली कीं कोणाचा मान मोडूं नये, डावी हौसाबाईंनीं करावी, उजवी काशीरामानें. बाईसाहेबांच्या डोळां पाणी आलें, तें आनंदाचें ऐसें दफ्तरीं लिहिलें.

पौर्णिमेस तिसरे प्रहरीं काम जाहलें. आपले हातून दुखूं नये म्हणोन दोघांनीं चढाओढीनें बधिरतेचा मलम थापिला. भुवया ऐशा उमटल्या कीं डावी नदीकांठचें लव्हाळें, उजवी मांजराची पाठ, आणि सभा धन्य धन्य म्हणाली. मग बकुळा उभी केली. बाईसाहेबांनीं डावी चढविली. चढेना. मलमानें कपाळ पाटा जाहलें होतें. पुन्हां जोर केला, तों कान हालले. आणखी केला, तों नथ हालली. पंत कुजबुजले, ‘नथेचा काय रिवाज?’ भटजी म्हणाले, ‘नथेविषयीं शास्त्र मुग्ध आहे.’ बकुळा टक लावोन डावीकडेच पाहत राहिली. इतक्यांत सांजेचा शंख जाहला.

बकुळेनें बोचकें उचललें. तों बाईसाहेब गादीवरोन उतरल्या, तिचे हातचें बोचकें घेवोन आपले कडेवर ठेविलें, आणि निघाल्या. पंत पाठीमागें धांवले, ‘बाईसाहेब, स्वारी कोठें? नदीपलीकडे आपलें राज्य नाही!’

सारांश, शिक्षा अमलांत आली, रिवाज राहिला, मौन मोडलें नाही, आणि दोन्ही उस्तादांस सारखाच शेला मिळाला. बाईसाहेब एक हात बकुळेच्या खांद्यावर ठेवोन, अनवाणी, होडीकडे चालत होत्या.