चिनी कुंडीतली तहान

बहिणीच्या बाळंतपणासाठी रुपाली दुधनीला निघाली, तेव्हा तिने खिडकीतलं ऑर्किड सासूच्या स्वाधीन केलं. आठवड्यातून एकदा फुलपात्रभर पाणी, त्याहून थेंबही जास्त नको, असं बजावलं. काशम्माने मान डोलावली. लग्नाला वर्ष होत आलं तरी ही सून आपला चहाचा कपसुद्धा स्वतः विसळून वेगळा ठेवायची. तिने विश्वासाने सोपवलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि काशम्माला ती जिवापाड जपायची होती.

पण सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. ते आलं की आधीचं शिळं पाणी काढून भांडी नव्याने भरायची. शिळं पाणी गटारीत ओतणं म्हणजे पाप, ते झाडाला घालायचं असतं. आणि या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात झाड एकच होतं.

कुंडीबाहेर लोंबणारी मुळं पाहून काशम्माचे यजमान वीरभद्रप्पा यांना गलबलून आलं. बिचारं पाणी शोधायला बाहेर निघालंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी गुपचूप तांब्या रिकामा केला. मुलगा, रुपालीचा नवरा कुमार, कामावरून आला की उरलेली बाटली तिथेच ओतू लागला. दुपारी गप्पा मारायला येणारी शेजारीण मदिनाबीही रिकाम्या हाताने खिडकीजवळ गेली नाही. कुणीच कुणाला बोललं नाही. केलेला दानधर्म सांगत फिरायची या मंडळींना सवय नव्हती.

पानांना सुरकुत्या पडू लागल्या. फुलपात्र पुरत नसावं असं वाटून शेवटी काशम्मानेही नेम मोडला. पण जितकं पाजावं तितकं ते सुकत चाललं. एकुलती एक गोष्ट सोपवली, तीही धड सांभाळता आली नाही, असं सुनेला वाटणार म्हणून काशम्माचं जेवणावरून मन उडालं.

मग कुमारने मोबाईलवर शोधलं आणि मुळं पाहायला सांगितली. चिनी मातीच्या देखण्या कुंडीतून आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलली. बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं. ती पाण्याने काठोकाठ भरलेली होती, आणि कुजका वास आला. सगळे कुंडीभोवती जमले.

"मैं बी थोडा डाली, बेचारे को," मदिनाबी म्हणाली. मग एकेकाने कबूल केलं. मुळं कुजली की पाण्यात बसूनही झाडाला पिता येत नाही, हे कुमारने वाचून दाखवलं.

"म्हंजे पाजून पाजून तहानंनं मारलं की आपण," काशम्मा म्हणाली.

वीरभद्रप्पांनी चादरीच्या कारखान्यातली आपली दोरे कापायची कात्री काढली, गॅसवर धरली आणि मऊ, काळी मुळं कापली. दोन-तीनच घट्ट निघाली. बुरशी धरू नये म्हणून काशम्माने जखमांवर दालचिनीची पूड लावली. मदिनाबी डोक्यावर पदर घेऊन दारात दुवा मागत बसली. कुणाला तरी बरं नाही एवढंच जिन्यात पसरलं आणि खालच्या मजल्यावरून शहाळं आलं. ते झाडापर्यंत जाऊ नये म्हणून काशम्माने तिथल्या तिथे पिऊन टाकलं.

लाकडाच्या कोरड्या सालीत झाड पुन्हा बसवलं. त्यानंतर पाणी आलं की काशम्मा खिडकीपाशी खुर्ची टाकून पहारा द्यायची. शिळं पाणी गटारीत गेलं, तेव्हा तिने गटारीला हात जोडले.

रुपाली परत आली. चुरगळलेली पानं आणि कापलेली मुळं पाहून ती जागीच थबकली. काशम्माने खाली मान घालून सगळं सांगितलं, स्वतःचा वाटाही लपवला नाही. रुपाली रागावली नाही. तिचे डोळे भरले. ती आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली.

काशम्माने तिचा हात धरला. "आज न्हाय. गुरुवारी. फुलपात्रभर."

"थोडंसं तरी घालू द्या की, अत्ती. किती सुकलंय बिचारं."

"आमीबी सगळे हेच म्हनलो," काशम्मा म्हणाली.

रुपालीने तांब्या खाली ठेवला. मग ती सासूशेजारी बसली आणि तांब्यातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून दोघींनी ते एकाच फुलपात्राने पिऊन संपवलं.