टाकीतली वृक्षलागवड

रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक स्वरूप शिवलकर यांच्या टेबलावर काचेची टाकी होती आणि टाकीत ‘बेटा’ जातीचा एक निळा मासा. प्लास्टिकच्या पानांनी त्याची शेपटी फाटली, म्हणून स्वरूपने दगडाला दोऱ्याने बांधून खरी झाडं सोडली. मासा पानावर झोपू लागला आणि स्वरूपला कचेरीत यावंसं वाटू लागलं.

“भाऊ, हा कालवणात टाकला तर वास पण नाय लागायचा,” शिपाई काशीराम म्हणाला. बाकी कोणाची तक्रार नव्हती.

एवढ्यात वरून विचारणा आली: वृक्षलागवडीतली किती झाडं जिवंत? कचेरीचं आवार म्हणजे निव्वळ कातळ. खड्डे जुनेच, दरवर्षी रोपं तेवढी नवी. त्यातला आता फलकच काय तो उभा होता. कचेरीच्या प्रमुख पालकर मॅडमची नजर टाकीवर गेली.

“शिवलकर, ही जिवंत आहेत ना?”

“हो, पण मॅडम, ती माशासाठी...”

“जिवंत आहेत, एवढं पुरे.”

टाकीची लागवड क्षेत्र म्हणून नोंद झाली आणि मागोमाग नियम आले. कुंपण सक्तीचं, म्हणून टाकीला काटेरी तार गुंडाळली. पाणी घालतानाचा फोटो सक्तीचा, म्हणून काशीराम रोज सकाळी भरल्या टाकीत तांब्या ओतू लागला. टेबलावरची प्रकरणं भिजली आणि त्याच कारणाने निकाली निघाली.

मग तपासणीला मुकादम साहेब आले. तारेतून वाकून पाहत म्हणाले, “लागवड क्षेत्रात चराईबंदी असते. हा प्राणी हटवा.”

“साहेब, तो पानं खात नाही. नुसता झोपतो.”

“मग अतिक्रमण.”

मासा घरी नेणं सोपं होतं. पण त्याचं अंथरूण आता सरकारी होतं. स्वरूपने आवाज खाली आणला. “नेतो साहेब. पण खरी झाडं, उद्या कुजली तर उत्तर कोण देणार? प्लास्टिकची लावली तर हा प्रश्नच उरत नाही.”

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मॅडमकडे.

“अभ्यासपूर्ण सूचना आहे,” साहेब म्हणाले.

संध्याकाळी स्वरूपने मासा आणि कुजण्याचा धोका असलेली झाडं स्कूटरवरून मांडवीला घरी नेली. दिवे लागायच्या आत मासा आपल्या पानावर आडवा झाला होता.

कचेरीला शंभर टक्के जगणुकीचं प्रशस्तिपत्र मिळालं. प्लास्टिकच्या झाडांना पाणी घालतानाचा मॅडमचा फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. मोठा करून पाहिला असतात तर पानावरची किमतीची चिठ्ठी दिसली असती. पण तुम्ही हिरवं हृदय टाकलंत आणि पुढे गेलात.