मुकादमांचा हजेरीपट

रोज सकाळी सहा वाजता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून एक माणूस ओरडतो, "दी फ्राऊ ट्रिंक्ट वासर!"

ओरडतो म्हणजे साधंसुधं नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळयांच्या खणखणाटात क्रेनवाल्याला 'थांब' म्हणायला जो आवाज लागतो, तो आवाज. पहिल्या दिवशी आमचे हे अंथरुणात ताडकन उठून बसले. म्हणाले, "कुणाला काय चावलं का?" मी म्हटलं, "झोपा. समोरचे मुकादम जर्मन शिकतायत."

त्या वाक्याचा अर्थ 'बाई पाणी पिते' असा आहे. हे मला कसं ठाऊक? अहो, दोन वर्षं रोज ऐकतेय. आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. सेक्रेटरींनी एकदा लेखी तक्रार दिली, तेव्हा मुकादम सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "हळूच बोलतोय की मी!" ते ऐकून खालचा वॉचमन जिना चढून वर आला. तक्रार तिथेच बारगळली.

बाळकू निकम हे त्यांचं नाव, पण त्यांना सगळे मुकादमच म्हणतात. गाव साताऱ्याकडचं. सगळा जन्म लोखंड बाजारात माथाडी म्हणून गेला, त्यातली बरीच वर्षं ते टोळीचे मुकादम होते. वीस-बावीस जणांची टोळी, आणि सकाळी ट्रेलर लागायच्या आधी एकेकाचं नाव पुकारून हजेरी घ्यायची ती मुकादमांनी. माणूस आला नाही की त्याच्या नावापुढे खाडा. रिटायर झाल्यावर बाजार सुटला, हजेरी काही सुटली नाही. लिफ्ट बंद पडली की हे म्हणणार, "आज लिफ्टचा खाडा." माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीला फूल नसलं की दारातूनच, "भाभी, जास्वंदीचा खाडा!" ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याला आले, तर आधी उभ्या-उभ्या कोण कोण आलंय ते मोजलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींना फोन करून बोलावून घेतलं. शेजार असावा तर असा, पण रोज असावा का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

मी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं. आमचं गाव रायगडात खाडीच्या काठाला, नोकरी पनवेलची, आणि आता बिऱ्हाड कळंबोलीत. हजेरी मीही आयुष्यभर घेतली. पण माझ्या वर्गातलं पोर आलं नाही, तर मी गैरहजेरी मांडून धडा पुढे चालू करायची. मुकादमांचं तसं नव्हतं. त्यांच्या टोळीत एक कायदा होता, आणि तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितला असेल. "पैला खाडा म्हंजी खाडा. मानूस हाय, आसंल काय काम. इचारायचं न्हाई. पर दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं आन् आवाज न्हाई आला, तर मुकादमानं सोता उठायचं आन् त्याच्या दारात जायचं. दुसऱ्याला धाडायचं न्हाई."

या कायद्याला जोडूनच संपतची गोष्ट यायची. संपत त्यांच्याच टोळीतला. भर बाजारात त्याने मुकादमांची गचांडी धरली होती, आईवरून शिवी दिली होती. मुकादमांनी शपथ घेतली, याचं तोंड बघणार नाही. पुढच्याच महिन्यात संपतचे लागोपाठ दोन खाडे पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीपट बगलेत मारून मुकादम तळवलीला त्याच्या दारात गेले. खोलीत संपत काविळीने पिवळा होऊन पडलेला, जवळ कुणी नाही. मुकादमांनी त्याला पाठुंगळी घेतला आणि दवाखान्यात टाकला.

"मग शपथेचं काय झालं?" मी विचारायची.

"शपथ बाळकू निकमनं घेतली व्हती. मुकादमाला शपथ नसती, भाभी."

आता जर्मनकडे येते. मुकादमांना एकच लेक, सारिका. नर्स. पोरगी हुशार, आणि स्वभावाने बापाचीच. खाण तशी माती. जर्मनीत नर्सेस हव्यात म्हणून तिने परीक्षा दिली, मोबाईलवरच्या एका ॲपवर रात्रंदिवस जर्मन घोकलं. तेव्हा तिची आई होती. सारिकाने गमतीत बापाच्या फोनवरही ते ॲप घालून दिलं होतं. मोबाईलमधली बाई विचारते, आपण उत्तर द्यायचं. बाई "शाब्बास" म्हणाली की मुकादम हात जोडून "मेहरबानी" म्हणायचे आणि मायलेकी पोट धरून हसायच्या.

मग आई गेली. वर्ष व्हायच्या आधीच सारिकाचे कागद आले. मुकादम म्हणाले, आईचं वर्षश्राद्ध होऊ दे, मग जा. ती म्हणाली, तोवर जागा राहणार नाही. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. ती बॅगा घेऊन निघाली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. मुकादम दारातून ओरडले, "आज गेलीस तर मला फोन करायचा न्हाई!" सगळ्या मजल्यांनी ऐकलं. सारिका मागे न बघता खाली उतरली. आणि तिने खरंच फोन केला नाही. यांनीही केला नाही. दोन वर्षं बापलेकीत अबोला. मी मध्ये पडून पाहिलं, तर मला म्हणाले, "भाभी, चा करताय का जाऊ मी?"

तर असा माणूस गच्चीवर उभा राहून जर्मन शिकतो म्हटल्यावर मला वाटलं, चला, पाझर फुटलाय. भाषा शिकेल आणि एक दिवस विमानात बसेल. मी आपली वाट बघत राहिले. पण बाई काही पाण्याच्या पुढे सरकेना! मास्तरणीचा जीव माझा, किती दिवस गप्प बसणार? गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, आणि स्वारी सकाळी माझ्या दारात. "भाभी, तुमी दाबा, मी बोलतो." मी चष्मा लावून बघते तर काय, धडा पहिला! पुढचे सगळे धडे कोरे.

"अहो मुकादम, पहिलीत किती वर्षं बसणार? पुढे चला की!"

"पुढं कशाला? ह्याच्यावर हजेरी लागती का न्हाई? लागती. मग झालं."

"आणि एक दिवस नाही केलं तर आभाळ कोसळणार आहे का? डोळ्याला पट्टी आहे तुमच्या!"

"खाडा नको," एवढंच म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. गावच्या जत्रेत ऐन पालखी सोडून मुकादम रेंजसाठी डोंगरावर चढले होते, हे त्यांच्या भावानेच मला सांगितलं होतं. तो बिचारा विचारत होता, "दादाच्या डोक्याला काय झालंय का?" मी म्हटलं होतं, झालेलं नाही, पहिल्यापासूनच आहे.

आणखी एक खोड होती. रोज अकराच्या ठोक्याला ते माझ्याकडे चहाला यायचे. त्यांच्या घरात रेंज नाही, माझ्या सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात येते. तिथे बसायचे, मोबाईल उघडायचे, बघायचे, "भरली हजेरी" म्हणायचे आणि मग कपाला हात लावायचे. मला वाटायचं, सकाळच्या धड्याचे मार्क बघत असतील. तेवढ्यासाठी रोज माझा चहा!

मागच्या महिन्यात एका मंगळवारी ते आले, मोबाईल उघडला आणि बसून राहिले. चहावर साय धरली.

"मुकादम, गार होतोय."

"आज खाडा दिसतोय," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुमचा? सकाळी तर बाई पाणी प्यायली. मी ऐकलंय."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वर 'सोबती' असं लिहिलं होतं आणि खाली दोन नावं. बाळकू, आणि सारिका. आज ज्याने धडा केला त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटते. बाळकूपुढे होती. सारिकापुढची जागा मोकळी होती.

"जाताना फोन करू नको म्हनलो, तवा तिनं न्हाई केला," ते म्हणाले. "पर दुसऱ्याच दिवशी हितं खून आली. मंग म्याबी धडा केला. तवापासनं रोज. तिकडं तिची सकाळ हुती तवा आपलं धा-अकरा वाजत्यात. खून आली की समजायचं, लेक उठली, धड हाय, डूटीला चालली. दोन वर्सांत एक खाडा न्हाई, भाभी."

या अल्ला! आणि मी दोन वर्षं या माणसाला पुढच्या धड्याला जा म्हणून टोचत होते. मला माझीच लाज वाटली. तरी मी उसन्या अवसानाने म्हटलं, "पहिला खाडा आहे. असेल काही काम. विचारायचं नाही."

"व्हय, व्हय. पैला हाय," म्हणाले आणि चहा न पिता गेले. दुपारी आले, पुन्हा पाच वाजता आले. सोफ्याच्या कोपऱ्यातला सिग्नल नीट आहे ना, विचारलं. नीट होता.

बुधवारी सकाळी सहाला गच्चीवरून आवाज आला, पण त्यात जोर नव्हता. अकराला मुकादम आले ते दाढी न करता. मोबाईल उघडला. बाळकू, हिरवी खूण. सारिका, मोकळं.

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "भाभी, तुमी लावा फोन. तुमी मास्तरीन, तुमचा मान ठिवंल ती."

"मी नाही लावणार."

"आवं, मी कुठल्या तोंडानं लावू? म्याच म्हनलो व्हतो..."

मला राग आला. खरं सांगते, रडू येत होतं म्हणूनच राग आला. "मुकादम, आज दुसरा खाडा आहे," मी म्हटलं. "टोळी कुणाची? माझी का तुमची? संपतच्या दारात तुम्ही कुणाला धाडलं होतंत?"

"त्यो संपत व्हता, भाभी. ही..."

"शपथ बाळकू निकमने घेतली होती. मुकादमाला शपथ नसते. तुम्हीच म्हणता ना?"

 मुकादम उठले आणि उभ्यानेच त्यांनी नंबर लावला. हजेरी बसून घेत नाहीत. लोखंडाच्या आवाजाने कान गेलेत, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. मी मनात दुवा मागत होते. मग ती थांबली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता, पण बोलत कुणीच नव्हतं.

 दोन वर्षांनी लेकीशी काय बोलायचं हे बापाला सुचेना. शेवटी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि बाजारात पुकारायचे तसं, तेवढ्याच आवाजात पुकारलं, "निकम सारिका बाळकू!"

कपबशी थरारली माझी.  पलीकडून एक बारीक, घोगरा आवाज आला.

"हजर, आबा."

मुकादम मटकन खाली बसले.

पोरगी तापाने फणफणली होती. दोन दिवस खोलीत एकटी, हॉस्पिटलला कळवलं होतं, गोळ्या घेतल्या होत्या, पण उठून बसायचं त्राण नव्हतं. सगळ्यांच्या उशाशी उभी राहणारी ती, तिच्या उशाशी कुणी नव्हतं. हे ऐकून मुकादमांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"पानी हाय का जवळ?"

"आहे टेबलावर."

"ऊठ. पी. मला ऐकू आलं पायजे."

तिकडे ग्लासाचा आवाज झाला. घोट गिळल्याचा आवाज झाला. मुकादम फोन कानापाशी धरून ऐकत होते. मग अगदी हळू, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू, म्हणाले, "दी फ्राऊ ट्रिंक्ट वासर."

ती हसली. हसता हसता रडायला लागली. "आबा, दोन वर्षांत एवढंच शिकलात?"

"मला कुठं शिकायचं व्हतं, बाळ?" मुकादम म्हणाले. "आन् तू गं? दिसभर दवाखान्यात तीच भाषा बोलतीस. तुला कशाला पायजे त्या बाईची शिकवनी?"

"तुमच्या नावापुढं खूण दिसायची, आबा," ती म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या आधी तेच बघायचे."

 मला तिथे थांबवेना. कप उचलला आणि नवा चहा टाकायला मी आत गेले.