राठोड सरांचा दत्तक दात

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही आम्ही डॉक्टर लोक त्याला प्रश्न विचारतो. पांढरकवड्याचे राठोड सर याच्याही पुढे जातात. ते प्रश्न विचारतात आणि पेशंटच्या वतीनं उत्तरही स्वतःच देतात.

“कापूस निंगला का औंदा? निंगला म्हना थोडा. थोडाच? हाव ना, बोंडअळी पडली. मंग फवारनी काहून नाई केली? नाई केली, आळस केला. असं कसं चालन भाऊ?”

एवढं होईपर्यंत पेशंटनं नुसतं ‘आं’ केलेलं असतं आणि सर त्याच्यावर चिडलेले असतात. त्या माणसाकडे शेतीच नाही, तो महामार्गावर पंक्चरचं दुकान चालवतो, हे त्याला चूळ भरायला उठल्यावरच सांगता येतं. तेव्हा सर म्हणतात, “मंग आधी काहून नाई सांगतलं?”

मी वणीला प्रॅक्टिस करते. सरांच्या दवाखान्यात सुरुवातीची दोन वर्षं मी मदतनीस डॉक्टर होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. एकदा एका गृहस्थांची दाढ भरताना सरांनी त्यांच्या मुलीचं लग्न राळेगावच्या एका स्थळाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. गृहस्थांनी मान हलवली होती, पण ती ड्रिल लागलं म्हणून. पुढे चौकशी झाली, स्थळ चांगलं निघालं आणि लग्नही झालं. सर पंगतीत पहिल्या रांगेत होते.

सरांची दातांना नावंही त्यांची स्वतःची. अक्कलदाढ म्हणजे जावई. “उशिरा येते, जागा नसली तरी बसते, अन् फुगून बसली का घरदार जागं ठेवते. पटलं ना? पटलं.” सुळे म्हणजे मामा, कारण ते सर्वांत शेवटपर्यंत साथ देतात. दुधाचे दात म्हणजे भाडेकरू. हे सगळं ऐकून पेशंट हसला की सर ओरडतात, “हलू नका!”

यवतमाळला इम्प्लांटचं प्रशिक्षण निघालं तेव्हा सरांनी साठी ओलांडली होती. आमच्यासारख्या साध्या डॉक्टरांसाठीच होतं ते. शनिवार-रविवार यायचं, हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायला शिकायचं. काही महिन्यांनी हाड त्याला धरतं, मग त्यावर दात चढवायचा. आधी प्लास्टिकच्या जबड्यावर सराव, मग बोकडाच्या आणि शेवटी प्रत्येकानं आपापला पेशंट आणून प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं इम्प्लांट बसवायचा. मी नाव दिलं. सरांनीही दिलं, याचं मला आश्चर्य वाटलं. या वयात त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर दवाखान्याचे तास कमी करत होते.

मी वणीहून गाडी घेऊन निघायची आणि सर करंजीच्या फाट्यावर उभे असायचे. बोकडाच्या जबड्यांचा सराव होता त्या शनिवारी ते एक मोठी नायलॉनची पिशवी घेऊन उभे होते.

“सर, जबडे तिकडे मिळणार आहेत.”

“थे फ्रीजमधले. हे आज सकाळचे हायेत, खाटकाकून उभं राहून आनले. ताजं हाड बोलते, शिळं बोलत नाई. पटलं ना?”

पटलं, असं त्यांनीच म्हटलं. यवतमाळपर्यंत गाडीच्या काचा उघड्या ठेवून आम्ही गेलो.

प्रशिक्षण एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होतं. ते हॉटेल शुद्ध शाकाहारी आहे, हे आयोजकांसह सगळे विसरले होते. सरांनी टेबलावर पिशवी ओतली आणि पाणी ठेवायला आलेला वेटर ट्रे घेऊन उलट्या पावली खाली गेला. मॅनेजर वर आले. सरांनी त्यांना खुर्चीत बसवून त्यांच्या तोंडात डोकावलं आणि खालची डावी दाढ किडली असल्याचं सांगितलं. पण मॅनेजर बधले नाहीत. शेवटी आम्ही सगळे आपापले जबडे घेऊन गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत इम्प्लांट बसवायला शिकलो. आयोजकांचे फ्रीजमधले जबडे त्यांच्याच गाडीत राहिले.

आमचे प्रशिक्षक डॉ. अनिकेत पुण्याचे होते. वयानं सरांच्या मुलीएवढे. शांत, नेमके, कमी बोलणारे. गच्चीवर त्यांनी सरांचं काम पाहिलं आणि म्हणाले, “सर, हात फार छान आहे तुमचा. फक्त एक. पेशंटवर करताना बोलायचं नाही. जखम उघडी असते, लक्ष एकाच ठिकाणी हवं.”

“अजिबातच नाई?”

“अजिबात नाही.”

सर जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलले नाहीत. बहुधा सराव करत असावेत.

पेशंट म्हणून सरांनी केळापूरच्या रामटेके गुरुजींना आणायचं ठरवलं. गुरुजी निवृत्त शिक्षक. दर रविवारी विहारात वंदना तेच म्हणायचे, मागून सगळे. अंगणात पाय घसरून पडले आणि वरचा समोरचा दात गेला. त्यानंतर ‘स’ म्हणताना शिट्टी वाजायला लागली. सरांनी काढघाल करायचा दात करून दिला, तर तो एकदा ऐन वंदनेत ‘सरणं’ म्हणताना सुटून बाहेर आला. लहान मुलं हसली. मोठी माणसं हसली नाहीत, त्याचं गुरुजींना जास्त लागलं. पुढच्या रविवारपासून ते मागच्या रांगेत बसायला लागले आणि ओठ मिटूनच वंदना ऐकायला लागले.

“ज्या मानसानं जन्मभर पोराइले बोलाचं शिकोलं, थो मुका बसून राह्यला,” सर मला म्हणाले. “हे बरोबर नाई.” यावर त्यांनी ‘पटलं ना’ विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी गुरुजी माझ्याच गाडीतून आले. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. रक्तदाब तपासला, साखर पाहिली, हाडाचा स्कॅन आधीच झाला होता, सगळं उत्तम. त्यांच्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं आणि ते टिक टिक करायला लागलं. सरांनी सुई दिली, हिरडी उघडली. डॉ. अनिकेत शेजारी उभे होते, मी पाणी ओढायची नळी धरली होती. सर एक शब्द बोलत नव्हते. मास्कवर फक्त डोळे दिसत होते आणि कपाळावर घाम होता.

पहिलं ड्रिल आत गेलं आणि यंत्राची टिकटिक वाढली. सर थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वाढली. डॉ. अनिकेत म्हणाले, “दुखतंय का, काका?” गुरुजींनी मान हलवून नाही म्हटलं. टिकटिक आणखी वाढली. मग गुरुजींनी हात वर केला. सगळं बाहेर काढलं, तोंडात कापूस ठेवला.

गुरुजी कापसातूनच म्हणाले, “डॉक्टर, काही बिघडलं काय?”

“नाई गुरुजी. मस्त चालू हाय.”

“मंग तुमी गप काहून हा? वीस-पंचवीस वर्षं झाले मी तुमच्याकडे येऊन राह्यलो. तुमी गप बसले असे कवाच पाह्यलं नाही. मले वाटलं, आता हे सांगत नाहीत म्हंजे माहं काही खरं नाही.”

डॉ. अनिकेतनी सरांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “बोला सर. पण हळू. आणि काय करताय तेवढंच बोला.”

“आता गुरुजी, मी हाडात बारीक वाट करून राह्यलो,” सर सुरू झाले. “दुखून राह्यलं का? नाई दुखत म्हना. आता वाट थोडी रुंद करतो. घाई नाई, हाड तापलं नाई पाह्यजे. हा जो स्क्रू हाय ना, हा दत्तक पोरगा. आज घरात आनला. हाड आता त्याले तीन-चार महिने पाह्यन, वळखन, अन् एकदा आपला म्हनलं का मंग सोडत नाई…”

टिकटिक हळूहळू खाली आली. स्क्रू बसला. डॉ. अनिकेतनी तो किती घट्ट बसला ते पाहिलं आणि मान डोलावली. टाके घातले गेले तेव्हा गुरुजी डोळे मिटून, वर्गात एखाद्या विद्यार्थ्याचं पाठांतर ऐकावं तसे पडून होते.

परतताना गुरुजी मागच्या सीटवर गालाला बर्फ लावून झोपले. सर माझ्या शेजारी. जोडमोहा मागे पडलं तेव्हा मी विचारलं, “सर, हे शिकायची खटपट आता कशाला केलीत?”

सरांनी आधी मागे वळून झोपलेल्या गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं, विनोद शोधताहेत.

“दात काहाडला का मानूस जाते, पोरी,” ते म्हणाले. “दुखनं गेलं, मानूस गेला. मंग डायरेक्ट दुसरा दात दुखाले लागला तवाच येते. ह्याच्यात तसं नाई. टाके काहाडाले येते. मंग महिन्यानं. मंग दात लावाले. मंग दरसाल तपासाले. येनं-जानं राह्यते.”

रेखाकाकू, सरांच्या पत्नी, पूर्वी दवाखान्यातच दाराजवळच्या टेबलावर बसायच्या. पेशंट आत कमी आणि त्यांच्याशी गप्पा मारत बाहेर जास्त वेळ असायचे. त्या गेल्यापासून ते टेबल रिकामंच आहे. मुलगी हैदराबादला असते. रोज फोन करते, आणि रोज तिची मीटिंग सुरू व्हायची असते. काकू गेल्यानंतर सरांनी रविवारीही दवाखाना उघडा ठेवायला सुरुवात केली होती. मला वाटायचं, कामाची हौस.

करंजी आल्यावर सर म्हणाले, “गाडी हळू घे, गुरुजीचे टाके हायेत.”

हाडानं स्क्रू धरला. चार महिन्यांनी गुरुजींना दात बसला. पुढच्या रविवारी ते विहारात पुन्हा पुढे बसले, असं त्यांच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं. शिट्टी गेली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी कामानिमित्त पांढरकवड्याला गेले आणि दुपारी दवाखान्यात डोकावले. गुरुजी खुर्चीत बसले होते. सर आरसा घेऊन दात तपासत होते. त्याआधीच्या आठवड्यातही त्यांनी तपासायला बोलावलं होतं, आणि त्याच्या आधीच्याही. मी दात पाहिला. इतका चांगला बसलेला दात मी पाहिला नव्हता. वर्षभर तरी त्याला कुणी पाहायची गरज नव्हती.

“हिरडी जराशी लाल वाटते,” सर म्हणाले. “पुढच्या आठवड्यात एकदा पाहून घेऊ.”

गुरुजी चूळ भरून उठले. सदरा नीट केला, चष्मा लावला.

“डॉक्टर, दाताले काही झालं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तुमाले बी मालूम हाय, मले बी. असं दर वेळी तोंड वासून बसाचं कायले? रविवारी वंदना झाली का मी घरीच असतो. सून म्हणते, डॉक्टरले जेवाले आना. वांग्याची भाजी अन् भाकर. येता का?”

मी सरांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन हातमोजे काढत होते. बोटं त्यात अडकली असावीत, कारण त्यांना फार वेळ लागला.

“येतो,” ते म्हणाले.