निमकर मॅडमचा एक वाजताचा श्वास

दुपारचा एक वाजला की निमकर मॅडम आम्हा सगळ्या बायकांना श्वास घ्यायला शिकवायच्या. जणू सकाळपासून आम्ही बिनश्वासाच्याच होतो! कॉलेज मोबाइलवर भरायचं तेव्हाची गोष्ट. प्राचार्यांनी यांना 'प्राध्यापिका स्वास्थ्य समिती'चं प्रमुख केलं आणि बाईंनी आमच्या स्वास्थ्याचं पार वाटोळं केलं. वेळ निवडली तीही घरोघरी ताटं वाढायची.

"कॅमेरे चालू ठेवा गं! श्वास आत... टेन्शन बाहेर!"

टेन्शन कसलं बाहेर जातंय? ते शेजारी उभं राहून "पोळी झाली का?" विचारत असायचं. बाईंचा स्वतःचा कॅमेरा मात्र बंद. ध्यानात म्हणे व्यत्यय येतो. आम्ही मोबाइल ओट्यावर उताणे टाकून पोळ्या लाटायचो. पडद्यावर नुसते पंखे फिरायचे. ध्यानातून परतल्यावर बाई म्हणायच्या, "बघा, किती शांत झालात सगळ्या!"

एकदा फर्मान निघालं, घरातला आपला आवडता कोपरा दाखवा. त्यांनी स्वतःची वेताची खुर्ची दाखवली, मनी प्लांट दाखवला. माझं डोकंच सणकलं. मी कंत्राटी. दोन दिवसांनी प्राचार्य माझा ऑनलाइन तास ऐकणार आणि त्यावर पुढच्या वर्षीची नोकरी ठरणार. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात बेडरूम नवऱ्याच्या ऑफिसने बळकावलेली, हॉल सासूबाईंच्या मालिकांनी.

"मॅडम, मला कोपराच नाहीये. मी कुकरशेजारी उभी राहून फ्रेंच राज्यक्रांती शिकवतेय."

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "परवा माझ्याकडे ये. नाही म्हणायचं नाही."

रिक्षाने बेव्हर्ली पार्कला त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. कित्येक महिन्यांनी माझं वाक्य मी शेवटपर्यंत बोलले. प्राचार्य तर चक्क "छान" म्हणाले.

बाहेर येऊन बघते तर बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, घामाने चिंब. पंखा बंद, फ्रिज बंद, बेलची वायरसुद्धा काढलेली.

"फ्रिज मेला गुरगुरतो गं," त्या म्हणाल्या. "नोकरी राहील ना?"

मला भरून आलं आणि त्याचाच राग आला. "राहील. पण मॅडम, ते एक वाजताचं बंद करा आता. जेवू द्या की बायकांना!"

त्या पदराने मान पुसत राहिल्या.

"करते बंद. तुम्ही श्वास घेत असता ना, तेव्हा मी जेवते. सगळ्यांची भांडी वाजत असतात. एकटीला घास उतरत नाही गं."